जोर्वेकर काकांची सही

जोर्वेकर काकांनी डाव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं. बाकीची नऊ नखं अगदी बारीक कापलेली, आणि हे एकच चांगलं पाव इंच बाहेर आलेलं. मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा माझी नजर तिथेच गेली, आणि खरं सांगायचं तर मला थोडी किळस आली. हा माणूस विमानाच्या पंखावरून ते नख फिरवून धातूतली केसाएवढी चीर शोधतो, हे मला नंतर कळलं.

दोन हजार दोन सालची गोष्ट. चँडलरमधल्या चिप बनवणाऱ्या कंपनीतली माझी नोकरी आदल्या डिसेंबरात गेली होती. व्हिसा टिकवायला दुसरी नोकरी हवीच होती आणि फिनिक्सच्या आसपास तेव्हा कोणीच कोणाला घेत नव्हतं. शेवटी तासाभराच्या अंतरावर, वाळवंटातल्या एका जुन्या धावपट्टीवर काम मिळालं. सैन्याने निवृत्त केलेली चार इंजिनांची मालवाहू विमानं विकत घ्यायची, पोटात मोठी टाकी बसवायची, खाली दारं करायची आणि जंगलाला आग लागली की त्यातून आग रोखणारं लाल रसायन ओतायचं, असा तिथला धंदा. मी पुण्यात मेकॅनिकल केलेलं. कुठल्या भागावर किती ताण येतो याचं गणित मांडणं हे माझं काम.

मालकाचं नाव वॉल्ट. त्याने पहिल्याच दिवशी मला हँगरच्या टोकाला नेलं आणि म्हणाला, "हा जो. आमचा इन्स्पेक्टर. तुझ्याच देशाचा आहे."

जो म्हणजे दत्तात्रय जोर्वेकर. मूळचे निफाडचे. नाशिककडच्या एका विमान कारखान्यात पत्र्याच्या कामावर लागले, तिथे अठ्ठावीस वर्षं काढली आणि मग बहिणीने कागदपत्रं केली म्हणून पन्नाशी उलटल्यावर इकडे आले. मी मराठी आहे म्हटल्यावर माणूस खुलेल असं मला वाटलं होतं. त्यांनी नमस्कार केला आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही पंखाच्या आत कधी शिरलायत?"

"नाही."

"मग गणित कशाचं करणार?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खरोखरच पंखाच्या खालच्या झाकणातून आत शिरायला लावलं. आत रॉकेलसारखा वास, कोपर हलवायला जागा नाही, आणि बाहेरून त्यांचा आवाज: "हात लावा. उजवीकडे हात लावा. ड्रॉइंगमध्ये तिथे काय आहे?" ड्रॉइंगमध्ये तिथे काहीच नव्हतं. हाताला मात्र एक जाड पट्टी लागत होती, रिव्हेट मारून बसवलेली. "चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी सैन्यात मारलीय," काका म्हणाले. "का मारली, ते त्याला माहीत. हात लावल्याशिवाय बोलायचं नाही, मॅडम. एवढं एक लक्षात ठेवा."

हँगरमध्ये मी कायम मॅडम आणि तुम्ही. त्यांच्या घरी गेले की उंबऱ्यापासून मेधा आणि तू. हा बदल ते इतक्या सहज करत की कोणी टेप केलं असतं तर दोन वेगळी माणसं बोलतायत असं वाटलं असतं. कामावर येताच लग्नातली अंगठी काढून सेफ्टी पिनने खिशाच्या आतल्या बाजूला अडकवायचे. डबा बरोबर अकराला उघडायचे, कारण कारखान्यातली पहिली पाळी अकराला जेवायची. आणि विमानात कधी बसायचे नाहीत. भारतातून आले तेव्हा बसले तेवढंच. विमान सुटल्यापासून उतरेपर्यंत ओकत होते, असं काकू सांगायच्या. "आयुष्यभर विमानं केली आणि बसायला भितात," काकू म्हणायच्या. काका म्हणायचे, "आत काय काय असतं ते तुला माहीत नाही म्हणून तू झोपतेस."

चँडलरच्या मराठी मंडळींत ते फारसे मिसळत नसत. एकदा गणपतीत कोणाच्या तरी घरी आम्ही सगळे जमलो होतो. तिथल्या एका सॉफ्टवेअरवाल्याने त्यांना विचारलं, "काका, तुम्ही म्हणजे पायलट?"

"नाही. पायलट खाली पडू नये म्हणून जो असतो, तो."

"म्हणजे मेकॅनिक! पण यार, एवढ्या जुन्या विमानांना आगीत पाठवायचं म्हणजे रिस्की नाही का?"

काकांनी हातातली मोदकाची वाटी खाली ठेवली. "पाठीवर पोतं घेऊन जिना उतरायचा," ते म्हणाले, "आणि मधेच ते पोतं एकदम टाकून द्यायचं. पाठ कधी लचकते? वाहताना नाही. टाकताना. हे विमान दिवसातून दहा वेळा दरीत उतरतं आणि दहा वेळा पोतं टाकतं. ज्याने बनवलं त्याने हे काम धरलंच नव्हतं." मग परत वाटी उचलून ते खायला लागले. तो सॉफ्टवेअरवाला दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला लागला.

त्याच वर्षी उन्हाळ्यात दुसऱ्या एका कंपनीच्या, आगीवर रसायन टाकणाऱ्या अशाच दोन जुन्या टँकर विमानांचे पंख हवेत तुटले. त्यातल्या एकाचं चित्रण टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवत होते. आमच्या जेवणाच्या खोलीत टीव्ही होता. काकांनी ते एकदाच पाहिलं आणि उठून बाहेर गेले. आमची विमानं वेगळ्या जातीची होती, तरीही त्यानंतर तपासण्या वाढल्या. पंखात कुठे कुठे बघायचं याची एक यादी आली. तेवढ्या जागा तपासायच्या आणि इन्स्पेक्टरने खाली सही करायची. यादी बरीच मोठी होती. काकांना ती पुरेशी वाटत नव्हती.

आमच्या दोन विमानांपैकी एक गॅरी चालवायचा. साठीला आलेला, उंच, वाकून चालणारा माणूस. त्याला काकूंच्या हातच्या कैरीच्या लोणच्याचं वेड होतं. खारी बिस्किटं त्यात बुडवून खायचा आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबायचा नाही. आगींचा सीझन संपला की त्याची बायको डॉना रिकामी बरणी धुऊन आणून द्यायची. गॅरी आणि काका यांच्यात बोलणं जवळजवळ नसायचं. काकांचं इंग्रजी तुटक, गॅरी मुळातच अबोल. विमान न्यायच्या आधी गॅरी विचारायचा, "ओके, जो?" काका म्हणायचे, "ओके." यापलीकडे त्यांना काही लागत नव्हतं.

पुढच्या वर्षी, जूनमध्ये, गॅरीचं विमान तपासणीसाठी उघडलेलं होतं. यादीतलं सगळं झालं होतं. दुपारी काकांनी मला पंखाखाली बोलावलं. डाव्या पंखाच्या मुळाशी, खालच्या पत्र्यावर, एक जुनी पट्टी होती. मी पंखात शिरून पहिल्यांदा हात लावला होता तसलीच.

"ही काढून बघायचीय," काका म्हणाले.

"यादीत आहे?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. बघायचीय."

पट्टी काढायची म्हणजे शेकडो रिव्हेट काढायचे, नवी पट्टी करायची, ती मंजूर करून घ्यायची. कमीत कमी तीन आठवडे. आणि डोंगरात आगी लागलेल्या. वॉल्ट दर तासाला फोनवर असायचा. तो काही वाईट माणूस नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. तो येऊन पंखाखाली उभा राहिला, पट्टीकडे बघितलं आणि म्हणाला, "जो, तिथे एक अख्खं गाव रिकामं करतायत. मला हे विमान गुरुवारी हवंय. तू मला सांग की इथे चीर आहे, मी आत्ता थांबवतो. आहे का?"

काकांनी पट्टीच्या चारी कडांवरून नख फिरवलं. दोनदा फिरवलं. "सापडत नाही," ते म्हणाले.

वॉल्ट गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचं गणित काय म्हणतं?"

मी गणित केलेलं होतं. पट्टीमुळे तिथे पत्रा दुप्पट जाड झाला होता, त्यामुळे ताण कमी दिसत होता. मी तेच सांगितलं. आणि वर म्हणाले, "यादीत नाहीये ना काका. मग सोडा."

"सोडू?"

"यादीत नाहीये."

त्यांनी खिशातून पेन काढलं. त्यांची सही लांबलचक, मराठीत, पूर्ण नाव: दत्तात्रय केशव जोर्वेकर. अमेरिकन लोक तिला नक्षी म्हणायचे. गुरुवारी सकाळी गॅरी आला. "ओके, जो?" काकांनी एकदा डाव्या पंखाकडे पाहिलं, आणि मग म्हणाले, "ओके."

नऊ दिवसांनी, दुपारी, दरीतल्या आगीवर रसायन टाकून वर येताना त्या विमानाचा डावा पंख मोडला. गॅरी आणि त्याचा को-पायलट दोघंही गेले.

बातमी आली तेव्हा काका दुसऱ्या विमानाखाली होते. वॉल्टने त्यांना जाऊन सांगितलं. मी लांबून बघत होते. त्यांनी हातातला टॉर्च बंद केला, जागेवर नेऊन लावला, आणि वॉल्टला एकच प्रश्न विचारला: "कुठला पंख?" वॉल्टने डाव्या हाताकडे बोट दाखवलं.

त्यांनी परवानगी मागितली नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या उरलेल्या विमानाची तीच पट्टी, त्याच जागेवरची, उघडायला बसले. वॉल्टने अडवलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. पट्टी निघाली होती. खालच्या पत्र्यात एका रिव्हेटच्या भोकापासून निघालेली चीर होती, माझ्या करंगळीएवढी. ती पूर्ण पट्टीखाली झाकलेली होती. कडेपर्यंत आलेलीच नव्हती.

"वरून सापडलीच नसती, काका," मी म्हणाले. "तुम्ही काहीही केलं असतं तरी नखाला लागली नसती."

"तेच तर," ते म्हणाले. "नख पुरत नाही हे मला कळायला हवं होतं."

त्या दिवशी डब्याच्या वेळी त्यांनी कात्रीने ते नख कापलं. कचऱ्याच्या डब्यावर वाकून, शांतपणे. मी समोर बसले होते. माझ्या गणिताबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

चौकशी झाली. यादीनुसार तपासणी पूर्ण होती, चीर बाहेरून दिसण्यासारखी नव्हती, इन्स्पेक्टरचा दोष नाही, असं लेखी आलं. काकूंनी तो कागद मला दाखवला आणि म्हणाल्या, "हे वाचून दाखव ना गं त्यांना नीट मराठीत. माझं ऐकत नाहीत." मी वाचून दाखवलं. काका भाजी निवडत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "मेधा, शनिवारी मला गॅरीच्या घरी ने. माझं इंग्रजी तिथे पुरायचं नाही."

कंपनीच्या वकिलाने सगळ्यांना बजावलं होतं की दोन्ही कुटुंबांशी अपघाताबद्दल काही बोलायचं नाही. गाडीत मी काकांना ते तीनदा सांगितलं. "भेटा, रडा, काय ते करा. पण पट्टीचं बोलू नका. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे, वॉल्टचा आहे, सगळ्यांचाच आहे." ते खिडकीबाहेर बघत होते.

डॉनाने दार उघडलं. आम्हाला आत बसवलं, बर्फ घातलेलं पाणी आणून दिलं. मग तिनेच विचारलं, अगदी साध्या आवाजात, "जो, तू बघितलं होतंस ना ते?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांना जमेल तेवढ्या इंग्रजीत त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. "आय लुक. वन प्लेट, आय वाँट ओपन. आय नॉट ओपन. आय साइन."

डॉना माझ्याकडे वळली. आपण नीट ऐकलं का, हे तिला माझ्याकडून हवं होतं. मी तेव्हा काहीही सांगू शकले असते. त्यांना म्हणायचंय की त्यांनी सगळं तपासलं होतं, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. मी म्हणाले, "त्यांना एक पट्टी उघडून बघायची होती. वेळ लागणार होता. त्यांनी न उघडता सही केली." आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मी त्यांना म्हणाले होते की सोडा."

डॉना उठली. तिने दार उघडलं आणि ते धरून उभी राहिली. आम्ही बाहेर पडलो. तिने शिव्या दिल्या नाहीत, रडली नाही, दार आपटलंही नाही. गाडीत काका म्हणाले, "तू कशाला बोललीस?"

"खरं होतं म्हणून."

"सही माझी होती," ते म्हणाले. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो, तेव्हा ते गाडीतून उतरून पंपाच्या मागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

डॉनाने कोर्टात आमच्याविरुद्ध काही केलं नाही. का, ते मला माहीत नाही. लोणच्याची बरणीही परत आली नाही. काकू दर उन्हाळ्यात लोणचं घालताना हात आखडता घ्यायच्या, एवढं मी पाहिलं आहे.

त्याच्या पुढच्या वर्षी सरकारने सगळ्याच जुन्या मोठ्या टँकरांची कंत्राटं रद्द केली. निम्मी माणसं गेली. आमचं उरलेलं विमान धावपट्टीच्या कडेला नेऊन उभं केलं आणि एका पावसाळी हिवाळ्यात भंगारवाल्यांनी ते तोडून नेलं. काका त्या आठवड्यात सुट्टीवर होते. त्यांनी सुट्टी घेतलेली मी पाहिली ती तेवढीच.

वॉल्टने कुठूनतरी पैसे उभे केले आणि निवृत्त झालेलं एक मोठं प्रवासी जेट विमान आणलं. याचाच टँकर करायचा. सुरुवातीला आतल्या खुर्च्या आणि खालचे तक्ते काढायचं काम होतं. तक्त्यांखाली काय काय निघालं! नाणी, केसाच्या पिना, एका लहान मुलाचा एक मोजा, तुटलेल्या जपमाळेचे मणी. बाकीचे लोक ते झाडून फेकत होते. काकांनी सगळं एका डब्यात भरलं आणि मला दाखवलं. "आधीची विमानं माल वाहायची, मॅडम. यात माणसं बसत होती." मोजा बराच वेळ त्यांच्या हातात होता.

त्या जेटवर त्यांनी दीड वर्ष काम केलं, आणि त्या दीड वर्षात ते सहकाऱ्यांना नकोसे झाले. दिसेल ती जुनी पट्टी उघडायची, असा त्यांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी स्वतःची एक वेगळी यादी लिहिली, मराठीत, आणि माझ्याकडून इंग्रजीत करून घेतली. अकरा पट्ट्या उघडल्या, अकराही खाली स्वच्छ निघाल्या. पोरं वैतागली. एकाने जेवणाच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हटलं, "जो, तू विमान तपासत नाहीयेस, तू प्रायश्चित्त घेतोयस. आमच्या पगारावर." काकांना तो इंग्रजी शब्द कळला नाही. त्यांनी मला अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि डब्याचं झाकण लावलं. दुपारी बारावी पट्टी उघडायला घेतली. तीही स्वच्छ निघाली.

रात्री झोप लागत नाही, असं काकू म्हणायच्या. मध्येच उठतात आणि भिंतीवरून हात फिरवत बसतात. डॉक्टरांकडे चला म्हटलं की चिडतात. त्यांची मुलगी टेक्सासहून यायची, "बाबा, यू नीड टू टॉक टू समवन," म्हणायची. काका म्हणायचे, "बोललो की. जिच्याशी बोलायचं तिच्याशी बोललो."

मला दोन हजार सातमध्ये तिथून खूप लांब, शॉमबर्गला नोकरी मिळाली. हेलिकॉप्टर नाही, विमान नाही, लिफ्टचे भाग बनवणारी कंपनी. मी मुद्दामच ती घेतली. निघायच्या चार दिवस आधी जेटचं टाकीत पाणी भरून पहिलं उड्डाण होतं. वॉल्टचा फोन आला, "तुझ्या काकाला समजाव. तो म्हणतो, मी आत बसणार. नाहीतर सही करणार नाही."

मी समजावायला गेले नाही. वॉल्टने शेवटी त्यांचं नाव विमानात बसणारा निरीक्षक म्हणून कागदावर घातलं. उड्डाणाच्या दिवशी मी सकाळी पोचले तेव्हा काका शिडी चढत होते, पायलटच्या मागून. हातात डबा नव्हता. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. वर पोचल्यावर दाराच्या चौकटीला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, आणि मग आत गेले.

काकू धावपट्टीच्या कुंपणाबाहेर गाडीत बसल्या होत्या. काचा वर, एसी चालू, मांडीवर मटारची पिशवी. मी शेजारी जाऊन बसले. त्या शेंगा सोलत होत्या आणि आकाशाकडे अजिबात बघत नव्हत्या.

"गेलं का वर?"

"गेलं."

विमान मोठं वळण घेऊन लांब गेलं, परत आलं, खाली उतरत गेलं. समोरच्या कोरड्या मैदानावर त्याच्या पोटातून पाणी सुटलं, पांढरी भिंत कोसळावी तसं. भार सुटताच विमानाने नाक वर केलं. माझ्या हाताची नखं तळव्यात रुतली होती.

"टाकलं?" काकूंनी विचारलं. हात थांबलेले.

"टाकलं."

"पंख?"

"आहेत."

"दोन्ही?"

"दोन्ही, काकू."

त्या पुन्हा सोलायला लागल्या. काही दाणे खाली पायाशी सांडले होते, ते मी वेचले.

विमान उतरलं, थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वॉल्ट पायलटला मिठी मारत होता. काका सगळ्यांच्या शेवटी उतरले, शिडीच्या कठड्याला धरून. चेहरा राखेसारखा. खाली उतरून वाकले, रुमालाने तोंड पुसलं. मी गाडीतून उतरून कुंपणाजवळ गेले, हात केला, हाकही मारली. इंजिनांची घरघर अजून थांबली नव्हती. एका माणसाने उड्डाणानंतरच्या सहीचा कागद आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हातानेच त्याला थांब म्हटलं, त्याच्याकडचा टॉर्च घेतला आणि डाव्या पंखाखाली गेले.

तिथे चाकाचा कप्पा उघडा होता. त्यात त्यांनी डोकं घातलं, मग खांदे. लोक फोटो काढत होते. कागदवाला उन्हात उभा होता. काकांचे फक्त दोन पाय दिसत होते, टाचा उचललेल्या. मी बराच वेळ कुंपणाशी थांबले. त्या टाचा काही खाली टेकल्या नाहीत.